थंय कोण वळखीचो आसा?

माननीय संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मध्यंतरी वाचकांची पत्रं आली होती त्या अमेरिकन आजोबा जजविषयी. फ्रँक कॅप्रिओ, प्रॉव्हिडन्स शहराच्या म्युनिसिपल कोर्टातले, ज्यांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी मोबाईलवर बघितलेत. पार्किंगचं चलन घेऊन कोणी म्हातारा येतो, पोराच्या आजारपणाचं सांगतो, जज डोळे पुसतात आणि केस डिसमिस. 2025 च्या ऑगस्टमध्ये ते वारले तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस तेच चालू होतं, बायकोने तर स्टेटस ठेवलेलं. माणूस गोड होता यात वादच नाही. पण एका पत्रात म्हटलं होतं की जज असावा तर असा, आणि तिथे माझं अडलं, म्हणून दुसऱ्याच एका अमेरिकन जजविषयी लिहायला बसलो. मोबाईलवरच टाइप करतोय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आधी माझी ओळख देतो. मी गोव्याच्या कोर्टांत एकतीस वर्षं स्टेनो होतो. फोंडा, डिचोली, म्हापसा, केपे, परत फोंडा. सुरवातीला रेमिंग्टन टाइपरायटर आणि कार्बन पेपर, शेवटी कॉम्प्युटर. जजच्या तोंडातला शब्द वकिलाच्या आधी, पक्षकाराच्या आधी, वरच्या कोर्टाच्या तर खूपच आधी स्टेनोच्या कानात पडतो. कुठे जज थांबला, कुठे शब्द बदलला, कुठे "ते काढा" म्हणाला ते आम्हालाच ठाऊक. म्हणून जजांविषयी बोलायचा थोडासा हक्क आहे असं मी समजतो, वकील मंडळी हसली तरी चालेल.

आणि एकतीस वर्षांत एक प्रश्न मी जितक्यांदा ऐकला तितका दुसरा नाही. कोर्टाच्या आवारात चहाच्या गाड्यावर, कदंबा बसमध्ये, लग्नात जेवणाच्या लाइनीत, अगदी मयताला गेलो तरी. "थंय कोण वळखीचो आसा?" कज्जा घातला की आधी वकील नाही शोधत आपण, आधी वळख शोधतो. जज कुठल्या गावचा, कुलदेव कुठला, बायकोचं माहेर कुठे, म्हाड्डोळचे का मंगेशीचे, शाळेत कोणाच्या वर्गात होता. गोवा केवढा तो! दोन-तीन जिल्हे ते काय, सगळे मिळून पंधरा-सोळा लाख माणसं. जजची बदली म्हापशाहून काणकोणला केली तरी तो काय परदेशात गेला काय, रविवारी त्याच लग्नाला यायचा, त्याच जत्रेत भेटायचा. 1997 साली सुप्रीम कोर्टाने जजांनी कसं वागावं त्याची यादी केली त्यात पदाला शोभेल इतका अलिप्तपणा पाळावा असं आहे, पण ती यादी करणाऱ्यांना बहुतेक फोंड्याचा नुस्त्याचा, म्हणजे मासळीचा, बाजार ठाऊक नसावा.

तर मला ज्याच्याविषयी सांगायचंय तो जज अमेरिकेतल्या असल्याच एका वळखीच्या गावातला. फ्रँक एम. जॉन्सन. आपल्याकडे नाव कोणाला माहीत नाही, मलाही नव्हतं. माझा मुलगा अलाबामा राज्यात बर्मिंगहॅमला असतो, आम्ही नवरा-बायको तीन महिने गेलो होतो, तेव्हा तो आम्हाला गाडीने माँटगोमरीला घेऊन गेला. रोझा पार्क्स नावाच्या काळ्या बाईने जिथे बसमधली आपली जागा गोऱ्याला दिली नाही ते शहर. मला बसचं म्युझियम दाखवायचं त्याच्या मनात, पण मी अडकलो एका जुन्या ग्रेहाउंड बस स्टँडपाशी. छोटासा स्टँड, आता तिथे फ्रीडम रायडर्सचं, म्हणजे बसमधला काळा-गोरा भेद मोडायला निघालेल्या पोरांचं, म्युझियम केलंय, आणि त्याला खेटून, अगदी पाठीला पाठ लावून, एक मोठ्ठं कोर्ट. बोर्ड वाचला, फ्रँक एम. जॉन्सन ज्युनियर यांचं नाव. 1961 च्या मे महिन्यात त्या स्टँडवर गोऱ्यांच्या जमावाने काळ्या-गोऱ्या पोरांना दांडक्यांनी आणि पाइपांनी रक्त येईपर्यंत मारलं. आणि केंद्र सरकारचा एक वकील ह्याच कोर्टाच्या बिल्डिंगीच्या खिडकीतून ते बघत वॉशिंग्टनला फोनवर सांगत होता. कोर्टाच्या खिडकीतून! मी म्हटलं अरे मग आतला जज काय करत होता? मुलाला माहीत नव्हतं. मग घरी येऊन मी वाचायला घेतलं ते अजून सुटलेलं नाही.

जॉन्सन जन्मले 1918 साली अलाबामाच्या उत्तरेला विन्स्टन नावाच्या डोंगराळ काउंटीत. हे विन्स्टन म्हणजे तिथली सत्तरीच समजा. डोंगराळ मुलूख, शेतं छोटी, गुलाम जवळजवळ नाहीत, त्यामुळे 1861 ला जेव्हा अख्खं अलाबामा अमेरिकेतून फुटून निघालं तेव्हा हे लोक म्हणाले आम्ही नाही येत, तुम्ही फुटा. आपल्या राण्यांनी पोर्तुगीजांना जसं कधी सुखाने बसू दिलं नाही तसाच हा वाकडा मुलूख. वडील तिथले प्रोबेट (वारसा-मृत्युपत्रांचे) जज आणि रिपब्लिकन, म्हणजे त्या काळच्या अलाबामात जवळजवळ वेगळी जात. आणि आईचं नाव काय असेल? अलाबामा! खरंच, अलाबामा लाँग जॉन्सन. पुढे लोक ह्या माणसाला अलाबामाचा द्रोही म्हणाले तेव्हा हे कोणाच्या लक्षात आलं का देव जाणे.

लॉ शिकायला ते युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामाला गेले, आणि तिथे त्यांचा दोस्त कोण? जॉर्ज वॉलेस. हो, तोच, जो पुढे गव्हर्नर झाला आणि 1963 च्या शपथविधीला ओरडून म्हणाला की काळे-गोरे वेगळे राहणार, आज, उद्या आणि कायम. हे दोघे एका वेळचे विद्यार्थी, एकत्र उठबस, जॉन्सनची बायको रूथ पण वॉलेसला चांगली ओळखायची. म्हणजे आपल्या भाषेत वळख नव्हे, घरोबा. मध्ये महायुद्ध आलं, जॉन्सन नॉर्मंडीत लढले, जखमी झाले, पदकं मिळाली, परत येऊन जास्पर गावात वकिली. 1953 ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी त्यांना उत्तर अलाबामाचे सरकारी वकील नेमलं तेव्हा एक केस त्यांनी चालवली ती वाचून मला घाम फुटला. दोन गोरे जमीनदार भाऊ तुरुंगातल्या काळ्या माणसांचा दंड भरायचे, सोडवून आणायचे आणि मग ते पैसे फिटेपर्यंत शेतावर राबवायचे, पळाला तर चाबूक. गुलामगिरी बंद होऊन नव्वद वर्षं झाल्यावरची गोष्ट ही, 1954. सगळी ज्युरी गोरी, तरी गुन्हा शाबीत झाला.

1955 च्या शरदात ते माँटगोमरीचे फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टाचे, जज झाले, वय 37, त्या वेळचे देशातले सगळ्यात तरुण. आणि जेमतेम बूड टेकतंय तोवर 1 डिसेंबरला रोझा पार्क्सना अटक. काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, 381 दिवस चालत राहिले. बहिष्कार सगळ्यांना ठाऊक आहे, मार्टिन ल्यूथर किंग सगळ्यांना ठाऊक आहेत, पण बसमधली वेगवेगळी बसायची पद्धत कायद्याने संपली ती कोर्टात, चार काळ्या बायकांच्या दाव्यात, ब्राउडर विरुद्ध गेल. तीन जजांचं बेंच. मे 1956 ला सुनावणी झाली, मग तिघे आत बसले. रिवाज असा की सगळ्यात ज्युनियर जजने आधी मत द्यायचं, म्हणजे सीनियरचं तोंड बघून त्याने बोलू नये. (हा रिवाज मला इतका आवडला की काय सांगू, आपल्या पंचायतीच्या मीटिंगला लावा आणि मजा बघा.) ज्युनियर जॉन्सन. ते म्हणाले सरकारने माणसं रंगावरून वेगळी बसवणं घटनेत बसत नाही. सीनियर रिव्हज म्हणाले माझंही तेच मत. तिसरा विरोधात. दहा मिनिटांत काम आटोपलं असं जॉन्सन पुढे सांगायचे. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं.

दहा मिनिटं. पण त्यानंतरची वर्षं बघा. जॉन्सनच्या घरापुढे क्रॉस जाळला, म्हणजे तिथली धमकीच. रिव्हजचा तरणा मुलगा अपघातात गेलेला, त्याच्या कबरीची विटंबना केली. हे करणारे कोण, कुठून तरी लांबून आलेले? गावचेच. ज्यांच्याबरोबर सकाळी दुकानात गाठ पडते ते.

आता ती रात्रीची गोष्ट, जिच्यासाठी मी खरं म्हणजे हे पत्र लिहितोय. 1959 चा जानेवारी. वॉलेस तेव्हा राज्याच्या कोर्टात सर्किट जज होता, आदल्या वर्षी गव्हर्नरकीची निवडणूक हरलेला, पुढचीची तयारी चाललेली. वॉशिंग्टनच्या सिव्हिल राइट्स कमिशनला मतदार नोंदणीची दप्तरं हवी होती, काळ्यांना नोंदणीतून कसं वगळतात ते बघायला. वॉलेसने ती दप्तरं आपल्या ताब्यात घेतली आणि जाहीर केलं देणार नाही, आले तर आत टाकीन. प्रकरण जॉन्सनपुढे आलं, त्यांनी ऑर्डर काढली की दे, नाहीतर कोर्टाची बेअदबी. मग एका रात्री उशिरा वॉलेस जॉन्सनच्या घरी आला. एका सामायिक मित्राकरवी, म्हणजे आधी वळख लावून! आणि जॉन्सनच्या सांगण्याप्रमाणे त्याने मागितलं काय, तर थोडीशी शिक्षा. दहा-पंधरा दिवस आत टाक, मला राजकारणात उपयोग होईल. जास्त टाकू नकोस. जॉन्सन म्हणाले दप्तरं दिली नाहीस तर जितकं जास्त टाकता येईल तितकं टाकीन.

पुढची गंमत अशी की वॉलेसने दप्तरं स्वतः दिली नाहीत, ग्रँड ज्युरीकडे (खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडे) सोपवली आणि त्यांनी ती कमिशनला दिली. बाहेर मात्र छाती काढून सांगत फिरला की मी नमलो नाही. जॉन्सननी निकालात त्याला निर्दोष सोडलं! पण सोडताना लिहून ठेवलं की ह्याने आडमार्गाने का होईना ऑर्डर पाळलीय. म्हणजे हिरो व्हायला जेल पाहिजे होती ती दिली नाही, आणि तू चोरून ऐकलंस हे रेकॉर्डवर घातलं. स्टेनो म्हणून सांगतो, असलं डिक्टेशन घ्यायला मिळालं असतं तर मी पगार घेतला नसता. वॉलेस मग जन्मभर त्यांना खोटारडा म्हणत राहिला, सभांमधून, शिव्या देऊन, आणि 1962 ला गव्हर्नर म्हणून निवडून आलाच.

इथे मला आमचे एक साहेब आठवतात. नाव सांगत नाही, आता नाहीत ते. तालुक्याच्या कोर्टात होते, 1990 च्या आसपासची गोष्ट. शनिवारी स्वतः पिशवी घेऊन नुस्त्याला जायचे, शिपायाला पाठवायचे नाहीत. मी त्या दिवशी मागेच होतो. नुस्तेकान्नीने बांगड्यांचा वाटा दिला, सहाचा वाटा, आणि वरून दोन बांगडे टाकले, जसे ती सगळ्यांनाच टाकते हो, गिऱ्हाईक बांधायला. साहेबांनी पैसे दिले, दोन पावलं गेले, परत आले, पिशवीत हात घालून दोन बांगडे काढले आणि टोपलीत ठेवले. ती म्हणाली, "बाब, सगळ्यांक दितां मगो." साहेब म्हणाले, "तुज्या भावाचो कज्जो म्हजेकडे आसा." तिला बिचारीला आठवणसुद्धा नव्हती. हाताला नुस्त्याचा वास घेऊन साहेब चालत घरी गेले. बाजारात मागून लोक हसले, आणि मी पण हसलो, खोटं कशाला सांगू. दोन बांगडे काय, चार आणे!

आपल्याला वाटतं प्रामाणिक जज म्हणजे पैसे न घेणारा. पैसे न घेणारे पुष्कळ बघितलेत मी. पण घरोबा न घेणारा, हसणं अंगावर घेणारा, तो दुर्मीळ.

जॉन्सनकडे परत येतो. 1961 ला त्या बस स्टँडवरच्या मारामारीनंतर त्यांनी कू क्लक्स क्लॅनला, म्हणजे काळ्यांना धाक घालणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीला, मनाई हुकूम काढला आणि पोलिसांनाही सुनावलं. पण त्याच काळात फ्रीडम रायडर्सनाही काही दिवस थांबा म्हणून ऑर्डर काढली, हे त्यांचे भक्त सांगत नाहीत. 1965 ला सेल्मा गावी तसंच, जिथून काळे लोक मतदानाच्या हक्कासाठी माँटगोमरीला मोर्चा काढणार होते. 7 मार्चला पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना घोडे घालून आणि अश्रुधूर सोडून फोडलं, सगळ्या जगाने टीव्हीवर बघितलं, किंग म्हणाले परवा परत निघतो, आणि जॉन्सन म्हणाले नाही, आधी सुनावणी, मग मोर्चा. काळे लोक चिडले, किंगना 9 तारखेला पुलावरून मागे फिरावं लागलं. म्हणजे हा माणूस त्यांचाही लाडका नव्हता. मग पाच-सहा दिवस साक्षी झाल्या, पुलावरची टीव्हीची फिल्म कोर्टात दाखवली, आणि 17 मार्चला निकाल. मोर्चा काढा. अन्याय जितका मोठा तितका निषेधाचा हक्क मोठा, असा त्या निकालाचा गाभा. पण लगेच हेही, की हायवे जिथे दोन लेनचा होतो तिथे तीनशेच माणसं चालतील, जास्त नाही. मोठं तत्त्व आणि खाली ट्रॅफिकचा हिशोब! 21 ला निघाले, 25 ला माँटगोमरीला पोचले तेव्हा पंचवीस हजार होते. वॉलेसच्या ऑफिसच्या पायरीपर्यंत गेले.

त्याच मोर्चानंतर व्हायोला लिउझो नावाच्या गोऱ्या बाईला क्लॅनवाल्यांनी गाडीतून गोळी घातली. राज्याच्या कोर्टात खुनाची शिक्षा झाली नाही, मग फेडरल केस जॉन्सनपुढे. ज्युरी म्हणाली आमचं एकमत होत नाही. जॉन्सन म्हणाले परत आत जा आणि प्रयत्न करा. गेले, आणि दोषी ठरवूनच आले. तिघांना दहा-दहा वर्षं, कायद्यात बसत होती तेवढी सगळी.

आता किंमत. घराभोवती मार्शल लोकांचा (केंद्राच्या कोर्टाच्या पोलिसांचा) पहारा वर्षानुवर्षं. 1967 ला आईच्या घरात बॉम्ब फुटला, टाकणाऱ्यांना बहुतेक ते जजचंच घर वाटलं. अलाबामा नावाची ती म्हातारी वाचली, आणि घर सोडून गेली नाही. एकुलता एक मुलगा, दत्तक घेतलेला, असल्या घरात वाढला जिथे बाप शाळेच्या वाटेवर शिव्यांचा विषय. 1975 ला त्याने आयुष्य संपवलं. ह्याचं कारण कोर्टाचे निकाल होते असं मी म्हणणार नाही, कोणाच्या पोराच्या मनातलं आपण कोण सांगणार. पण त्या बापाने दुसऱ्या दिवशी, पुढच्या महिन्यात, परत त्याच खुर्चीत बसून ऑर्डर डिक्टेट केली असणार, आणि कोणीतरी स्टेनोने ती घेतली असणार, आणि त्या स्टेनोचा विचार माझ्या मनातून जात नाही.

तिथल्या फेडरल जजची नोकरी जन्मभराची असते, महाभियोगाशिवाय काढता येत नाही, पगार कमी करता येत नाही. म्हणून कोणी म्हणेल त्यात काय मोठं. नोकरी जात नाही हो. पण शेजारी जातात, मित्र जातात, क्लबातलं खेळणं जातं, बायकोला बाजारात कोणी बोलत नाही. फर्निचर करायचे म्हणे फावल्या वेळात, उंच लंबकाची घड्याळं बनवायचे, मासे पकडायला जायचे. मला वाटतं एकट्या माणसाचे छंद आहेत हे.

आता माझी गोष्ट, आणि ही मी आजवर घरातसुद्धा धड सांगितलेली नाही. 1996 साल. माझ्या सख्ख्या मामाचा वाटेचा कज्जा होता, भाटातून (बागायतीतून) घरापर्यंत जायची पायवाट, शेजाऱ्याने दगडी वंय (कुंपण) घालून बंद केलेली. कज्जा लागला मी जिथे होतो तिथेच, त्याच बांगडेवाल्या साहेबांपुढे, बदल्या होत होत आम्ही परत एकत्र आलो होतो. मामा घरी आले, काजूच्या बिया घेऊन आले, आणि म्हणाले साहेबांच्या कानावर एक उतर (शब्द) घाल रे बाबा, फक्त एक उतर. मामाने मला शिकवलेलं, बाप लवकर गेला माझा. नाही कसं म्हणू? एक दिवस संध्याकाळी सगळे गेल्यावर फाइल ठेवताना मी म्हटलं, "साहेब, तो वाटेचा दावा आहे ना, ते म्हातारे आमचे मामा लागतात. खरंच त्रास आहे त्यांना, पावसात चिखलातून जातात." एवढंच. साहेबांनी मान वर केली नाही. "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक मारली, "बसा, डिक्टेशन घ्या." आणि मला जिल्हा कोर्टाला पत्र डिक्टेट केलं. की अमुक अमुक दाव्यात एका पक्षाच्या नातेवाइकाने माझ्याशी दाव्याविषयी बोलणं केलं आहे, तरी हा दावा माझ्यापुढे चालणं योग्य नाही, दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग व्हावा. माझं नाव घातलं नाही. "नातेवाईक" म्हणाले, थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले पुढे लिहा. मी लिहिलं. माझे हात थरथरत होते, तीनदा पान बदललं. साहेबांनी सही केली, मला म्हणाले डिस्पॅचला तुम्हीच न्या. बास. त्यानंतर कधीही त्याचा उल्लेख नाही, मेमो नाही, पुढच्या वर्षीचा माझा गोपनीय अहवालसुद्धा चांगला लिहिला.

दावा दुसरीकडे गेला, तारखा पडत गेल्या, तीन वर्षं मागे पडला. मामांना कोणीतरी सांगितलं की तुझ्या भाच्यानेच घाण केली. माझ्या मुलाच्या मुंजीला ते आले, अक्षता टाकल्या, जेवले नाहीत. मी साहेबांवर कितीतरी वर्षं मनातून चिडून होतो. म्हटलं, मोठा हरिश्चंद्र! दोन शब्द ऐकले न ऐकल्यासारखे केले असते तर काय आभाळ कोसळलं असतं? निकाल मामांच्याच बाजूने लागणार होता, पुरावा स्वच्छ होता!

मग तिकडे माँटगोमरीला त्या कोर्टासमोर उभा राहिलो, वॉलेस रात्री घरी आल्याची गोष्ट वाचली आणि पहिल्यांदा मला कळलं की त्या गोष्टीत मी जॉन्सनच्या बाजूला नाहीये. मी तो दाराशी आलेला माणूस आहे.

असो. जॉन्सनचं जे काम लोकांना कमी माहीत आहे पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते शेवटी सांगतो, फार लांबवत नाही. टस्कालूसाला ब्राइस नावाचं वेड्यांचं सरकारी हॉस्पिटल, पाच हजारांवर पेशंट. 1970 ला सरकारने पैसे नाहीत म्हणून कामगार काढले, त्यातून दावा उभा राहिला, वायट विरुद्ध स्टिकनी. रिकी वायट हा पंधरा वर्षांचा पोर, वेडा नव्हता, नुसता द्वाड होता म्हणून तिथे टाकलेला. 1971 ला जॉन्सननी म्हटलं की माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध उपचारासाठी कोंडलंत तर उपचार हा त्याचा हक्क झाला, नाहीतर तो तुरुंग. हे वाक्य कायद्याच्या पुस्तकांत गेलं. पण 1972 ला त्याच्या मागोमाग जी यादी काढली ती बघा. आठ पेशंटांमागे एक संडास. पंधरांमागे एक शॉवर किंवा टब. एका खोलीत सहापेक्षा जास्त नाहीत, प्रत्येकाला ऐंशी चौरस फूट जागा. खोलीचं तापमान 68 फॅरनहाइटच्या खाली आणि 83 च्या वर जाता कामा नये. पेशंटला स्वतःचे कपडे घालायचा हक्क. डॉक्टर किती, नर्स किती, सगळं आकड्यांत.

लोक म्हणाले जजचं हे काम आहे का, संडास मोजणं? वॉलेसचं सरकार तर ओरडलंच. आणि तो आक्षेप अगदीच चुकीचा नाही, सरकारचं काम कोर्टाने हातात घेतलं की ते लवकर सुटत नाही, ही केस 2003 पर्यंत चालली, जॉन्सन गेल्यावरसुद्धा! पण मी हजारो ऑर्डरी टाइप केल्यात. "योग्य ती कार्यवाही करावी." "शक्य तितक्या लवकर निकाली काढावे." असली वाक्यं माझी बोटं झोपेत टाइप करतील. त्याने काहीही होत नाही, कारण योग्य म्हणजे काय ते ज्याने करायचं तोच ठरवतो. आठांना एक, म्हटलं की मोजता येतं. नववा माणूस उभा राहिला की ऑर्डर मोडली.

1976 ला तुरुंगांचंही असंच केलं त्यांनी. 1977 ला राष्ट्राध्यक्ष कार्टरनी एफबीआयचे (केंद्राच्या तपास यंत्रणेचे) डायरेक्टर म्हणून त्यांचं नाव पुढे केलं, तपासणीत पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा निघाला, ऑपरेशन झालं, ते पद राहिलं. 1979 ला वरच्या कोर्टात गेले. 1995 ला राष्ट्राध्यक्षांच्या हातून देशाचं सगळ्यात मोठं नागरी पदक. जुलै 1999 ला माँटगोमरीतच गेले.

वॉलेसला 1972 ला गोळी लागली, कंबरेखाली लुळा झाला, उतारवयात त्याने काळ्या लोकांच्या चर्चमध्ये जाऊन माफी मागितली, आणि पुष्कळांनी दिलीही. जॉन्सनकडेही निरोप गेला होता असं सांगतात. जॉन्सननी उलट कळवलं म्हणे, की माफी हवी असेल तर देवाकडे माग. मला हे आधी फार कडक वाटलं. जुना दोस्त, खुर्चीला खिळलेला, म्हातारा. पण मग वाटलं, जन्मभर ज्याने वळखीवर काही दिलं नाही तो शेवटी वळखीवर माफी तरी कशी देणार?

आमचे साहेब वारले तेव्हा मी मयताला गेलो होतो. फार माणसं नव्हती. मामा त्याच्या आधीच गेले. दावा ते जिंकले, वाट उघडली, पण तोवर त्यांचे गुडघे गेलेले, दोनदा का तीनदा चालले असतील त्या वाटेने. आता मामेभावाची मुलं तिथून स्कूटर घालतात, आणि त्या शेजाऱ्याची मुलंही त्याच वाटेने घालतात, कारण त्यांच्या बाजूचा रस्ता पंचायतीने खणून ठेवलाय.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त कोर्ट स्टेनो, फोंडा

ता. क. – पत्र मोठं झालंय हे मला कळतंय. कापायचंच असेल तर कॅप्रिओंचं कापा, माझ्या मामाचं कापलं तरी चालेल. ते दोन बांगडे तेवढे ठेवा.